चतुराबाईंचा पयला नंबर

"उड्डाणपूल? मंजूर झालाच म्हणून समजा!" असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. मी सल्लागार कंपनीत. जळगाव रोडवर पूल बांधला तर खर्च किती अन् लोकांचा वेळ वाचून लाभ किती, हे ताडून बघणं माझं काम. आज गाड्या जितक्या खोळंबतील, तितका उद्याच्या पुलाचा लाभ मोठा!

सकाळी बायको, शीला, म्हणाली, "आज आपल्या सप्तशृंगी कॉलनीत टँकर यायचाय. माझे बाबा वैजापूरहून आल्यापासून बिनअंघोळीचे बसलेत! पाणी भरायला या."

"तू टँकर बघ, मी पूल बघतो!" म्हणत मी सटकलो.

कुठली गाडी किती खोळंबते ते टिपायला हर्सूल नाक्यावर खुर्ची टाकली. अंगात चकाकतं जॅकेट, हातात पेन. तेवढ्यात रिकामा हंडा घेतलेली एक बाई थांबली.

"काय लिव्हता, सायेब?"

"नंबर, मावशी."

गाड्यांचे, हे सांगायचं राहिलं! बाईंनी खुर्चीशेजारी हंडा ठेवला. "मंग लिव्हा, चतुराबाई. पयला नंबर!" अन् गल्लीकडं तोंड करून ओरडल्या, "भामे, या गं समद्याजणी! टँकरवाला नंबर घ्यायलाय!"

बघता बघता हंडे, कळश्या, रंगाचे डबे, एक बाळाचा टबसुद्धा! रांग वळून थेट रस्त्यात शिरली. ट्रक थांबले, बस थांबली, भोंग्यांनी कान किटले. मी खरं सांगणारच होतो हो! पण कागदावर पुलाचा लाभ असा काही फुगत होता, की मीच म्हणालो, "मावशी, रांग लांबू द्या अजून!"

तेवढ्यात त्या कोंडीत खराच टँकर येऊन अडकला.

"आला गं बया!" ड्रायव्हर उतरेपर्यंत पाइप चतुराबाईंच्या हातात.

"अवो, हे पाणी दुसऱ्यांचं हाय!" ड्रायव्हर रडकुंडीला आला.

"वा रं वा! सायबानं नंबर लिव्हलेत. व्हय ना, सायेब?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या. मला काय चेव चढला! "दे रे बाबा! माणुसकी हाय का नाय?"

टँकर कोरडा झाला. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. "आता सप्तशृंगी कॉलनीवाले मला सोलतेत!"

मी ताडकन उठलो. फोन वाजला. शीला!

"अहो, टँकर कुठं मेलाय? बाहेर भोंगा वाजला, बाबांना वाटलं आलाच. होता तेवढा तांब्या अंगावर ओतला अन् साबण लावून बसलेत मोरीत!"

चतुराबाईंना सगळं सांगितलं. तोंडाला पदर लावून पोट धरधरून हसल्या, अन् एक भरली कळशी पुढं केली. "न्या. पर तुमचा नंबर शेवटचा व्हता बरं का!"

कळशी मांडीत घेऊन रिक्षात बसलो. रिक्षा जाते कुठं? पुढं सगळी आमचीच कोंडी! कळशी माझ्या पँटवर हिंदकळायला लागली, तिकडं सासऱ्यांच्या अंगावर साबण वाळायला लागला.

रिक्षावाला वैतागून मागं वळला. "साब, इधर एक पूल होना!"