दोहोंपैकी कोणताही एक

माणसाला बंधन घातलं तर तो पळवाट काढतो. मोकळीक दिली तर समिती नेमतो. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या ‘मुक्त फलाटवाचक नोंदणीकृत मंडळा’ने हे सिद्ध करून दाखवलं, त्याबद्दल मंडळाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

मंडळाचं फुकट अ‍ॅप अंधांना स्टेशनवरचा फलक वाचून दाखवतं. अत्यंत अचूक अ‍ॅप. ऐनवेळी फलाट बदलला, की तेवढा जुना सांगतं. (आमच्याकडे फलाट ऐनवेळीच बदलतात, एरवी अगदी स्थिर असतात.)

मंडळातल्या स्वान्तेची इमके आत्या अंध. बहिणीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ओल्डेनबुर्गला निघाली, ती सात नंबरवर तिष्ठत राहिली. गाडी तीनवरून गेली होती.

“केकचा पार लगदा झाला गं,” आत्या फोनवर कडाडली. “तुझं ते मंडळ करतं तरी काय?”

स्वान्तेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोधता शोधता तिला दिसलं, की याच दुखण्यावरचा कोड एस्बेन नावाच्या एका डॅनिश भल्या माणसाने कधीच लिहून ठेवलाय. सोबत तो वापरण्याच्या अटी सांगणारे दोन परवाने होते : दोहोंपैकी कोणताही एक घ्या आणि खुशाल वापरा. तिने तो सभेपुढे ठेवला.

“कोणताही म्हणजे नेमका कोणता?” अध्यक्ष वीटहोफ यांनी विचारलं.

“तुम्हाला आवडेल तो.”

“बाई, आवडनिवड आइसक्रीमच्या दुकानात. इथे मंडळाची घटना आहे.”

मग सभासदांत प्रथमपंथी आणि द्वितीयपंथी असे दोन तट पडले. कॉफीच्या किटल्या वेगळ्या झाल्या. (एकूण सभासद अकरा, दिलेली मतं चौदा. उत्साहाला मर्यादा नव्हती.) शेवटी एस्बेनलाच विचारलं. त्याने कळवलं, “काय हवं ते करा हो, पण मला पत्रं पाठवू नका!” या वाक्याचा सखोल अभ्यास होऊन ते तिसरा परवाना ठरलं, आणि लगोलग तृतीयपक्षही निघाला.

दरम्यान आत्याची बहीण इस्पितळात गेली. आत्या पुन्हा चुकीच्या फलाटावर, आणि पोचली तेव्हा भेटीची वेळ संपलेली. परतल्यावर ती ओरडली नाही. तेच स्वान्तेच्या जिव्हारी लागलं.

“आत्या, पहिला घेऊ की दुसरा?”

“मला तीन नंबरचा फलाट हवाय गं बाई, बाकी काही नको!”

स्वान्तेने पहिला घेतला. का, तर तो वर होता. तो कोड तिने आत्याच्या फोनात घातला, आणि दुसऱ्याच दिवशी आत्या बहिणीच्या उशाशी होती.

अनधिकृत निवडीबद्दल स्वान्तेला मंडळातून काढून टाकण्यात आलं, तेही एकमताने. तिन्ही पंथ त्या दिवशी एकाच किटलीतली कॉफी प्यायले.

वाचकहो, तुम्ही मंडळाला मनसोक्त हसलात. त्या परवान्यांत लिहिलंय तरी काय, हे मात्र इथवर येऊनही तुम्ही विचारलं नाहीत. मंडळात तरी कुणी विचारलं होतं? सध्या एक जागा रिकामी आहे, आणि तुमची पात्रता निर्विवाद आहे.