डाव्या खिशातली दोन कार्डं

वेंडेल हॅचच्या डाव्या खिशात दोन कार्डं होती. एक सैन्यभरतीचं, दुसरं वसतिगृहाच्या जेवणाचं. दोन्ही एकाच मापाची आणि सारखीच मळलेली. गुरुवारी दुपारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध सभा झाली. पुढारी होती मार्गो. तिने कॉफीच्या रिकाम्या डब्यात जाळ केला आणि भरतीची कार्डं जाळायला एकेकाचं नाव पुकारलं. वेंडेलची पाळी आली तेव्हा त्याला आईचं पत्र आठवलं. ‘काय वाट्टेल ते कर, पण ते कार्ड सांभाळ. शिकतोयस तोवर सूट आहे, ती घालवू नकोस.’ वेंडेलच्या बोटांनी ऐन वेळी आईचं ऐकलं. जेवणाचं कार्ड डब्यात पडलं आणि तीनशे पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

संध्याकाळी भोजनगृहाच्या दारात बर्डीनबाई कार्डाला भोक पाडायचा चिमटा घेऊन बसल्या होत्या.

“कार्ड, बाळा.”

हरवलं म्हणावं तर अर्ज भरायचा, त्यात कुठे आणि कसं हरवलं ते लिहायचं, आणि मागे रांगेत नेमकी मार्गो.

“राहू दे. मला भूक नाही,” वेंडेल म्हणाला.

मार्गोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “भूक नाही, की उपोषणाला बसलायस?”

“छे गं, तसं काही...”

“गाजावाजा नकोय तुला. कळलं मला.”

तिला कळलं ते सकाळी अख्ख्या कॉलेजला कळलं. भिंतीभिंतीवर वेंडेलच्या नावाचे कागद लागले. दुपारपर्यंत आणखी पाच जण उपोषणाला बसले. त्यातला एक न्याहारीला धिरडी आहेत कळल्यावर उठला, ते सोडा. वेंडेलची मात्र पंचाईत झाली. गावात कुठेही घास तोंडात घालायची सोय राहिली नाही. तो तळघरात कपडे वाळवायच्या यंत्रामागे उभा राहून बिस्किटांना शेंगदाण्याचं लोणी फासून खायचा, आणि यंत्र खडखडलं की तेवढ्यात चावून घ्यायचा.

त्याच्या खोलीत ड्युएन कोल्स्टॅड राहायचा. ताडमाड उंच, आणि दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागणारा. त्या गुरुवारी तो सभेत सगळ्यात मागे उभा होता, कार्ड खिशात घट्ट धरून. रविवारी तो तळघरात आला तेव्हा वेंडेलने नुकताच घास कोंबला होता.

“वेंडेल, चार दिवस झाले रे तुला,” ड्युएन म्हणाला. “आणि मी रोज तीनदा जेवतोय. लाज वाटते मला. मीही जाळावं, असं वाटतंय. जाळू का?”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण लोणी टाळूला चिकटलं होतं, आणि तोंड उघडलं असतं तर वास सुटला असता. वेंडेलने नुसती मान हलवली. नको म्हणायला हलवली की कशीही हलवली, हे त्याचं त्यालाही पुढे कधी आठवलं नाही.

ड्युएनला तो होकार वाटला. सोमवारी त्याने कार्ड जाळलं आणि राख पाकिटात भरून आपल्या गावच्या भरती मंडळाला पाठवली. पाकिटावर स्वतःचं नाव, पत्ता, आणि आत चिठ्ठी: ‘तसदीबद्दल क्षमस्व.’

तीन आठवड्यांनी मंडळाचं उत्तर आलं. सूट रद्द. शुक्रवारी हजर व्हावं. उपोषण केव्हाच सुटलं होतं आणि वेंडेलला नवं कार्डही मिळालं होतं, तेही अर्ज न भरता. हुतात्म्याकडे कोण अर्ज मागतो?

त्या दिवशी त्याने ड्युएनला सगळं सांगितलं.

“म्हणजे जळलं ते जेवणाचं?”

“हो.”

“आणि उपोषण?”

“यंत्रामागे. बिस्किटं.”

ड्युएन हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, मग मंडळाचं पत्र पुन्हा वाचायला लागला. वेंडेलला ते हसणंच बरं वाटत होतं.

“मी मंडळाला सांगतो, चूक माझी आहे म्हणून,” वेंडेल म्हणाला.

“काय सांगशील? माझं तर खरंच जळलं.” पत्राची घडी घालत तो म्हणाला, “तेव्हाच सांगायचंस ना रे.”

शुक्रवारी सकाळी ड्युएन गेला. टेबलावर त्याचं जेवणाचं कार्ड होतं आणि वर चिठ्ठी: ‘नाताळपर्यंतचं जेवण यात आहे. त्या वेळी तुझे हाल झाले, ते भरून काढ.’ टोमणा मारणं ड्युएनला येत नसे, हेच वेंडेलला फार लागलं.

दुपारी रांगेत त्याने चुकून तेच कार्ड पुढे केलं. बर्डीनबाईंनी नाव वाचलं.

“हे त्या उंच पोराचं. कुठंय तो?”

“गेला. भरती झाला.”

बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि कार्ड भोक न पाडताच परत दिलं. “जा आत. जेवून घे.”

“नको,” वेंडेल म्हणाला. “मला भूक नाही.”

मागे मार्गो होती. “पुन्हा उपोषण?” तिने हळूच विचारलं.

“नाही गं. खरंच भूक नाही,” तो म्हणाला, आणि ड्युएनचं कार्ड डाव्या खिशात ठेवून रांगेतून बाहेर पडला. तिथे त्याचं स्वतःचं भरतीचं कार्ड होतंच, जपून ठेवलेलं.