एकशे अठ्ठावन्न पौंडांचा रॉय

आमचा शेजारी रॉय आमच्याकडे जेवायला आला, की आधी बाथरूममध्ये जाऊन वजन करून येतो. काटा एकशे अठ्ठावन्न पौंडांच्या वर गेला, तर शुभाने सकाळपासून खपून केलेल्या पुरणपोळीला हातसुद्धा लावत नाही. काकडी खात बसतो. माझ्या बायकोचा असा जळफळाट होतो म्हणून सांगू! "पुढच्या वेळी तो काटाच लपवून ठेवते," असं ती तीन वर्षं म्हणतेय.

रॉय रेसिंग ड्रायव्हर आहे. आहे म्हणजे होता, पण हे 'होता' त्याच्यासमोर म्हणायची सोय नाही. रेसच्या गाडीतली सीट ड्रायव्हरच्या अंगाबरहुकूम बनवतात. त्याला बसवून भोवती फोम ओततात, आणि फोम घट्ट झाला की ती सीट फक्त त्याची. रॉयची सीट इथे ईडन प्रेरी गावात त्याच्या हॉलमध्ये लाकडी खोक्यावर ठोकलेली आहे. तिच्यात बसून तो टीव्ही बघतो. टीमचा फोन आला तर त्यात मावलो पाहिजे, म्हणून हा बाप्या बावीस वर्षं काकडी खातोय!

कसला फोन, ते ऐका. रॉय आयोवातल्या एका मक्याच्या गावचा. बापाचं डुकरांचं फार्म. पोरगा शनिवारी मातीच्या ट्रॅकवर रेस जिंकायचा आणि रविवारी डुकरांची घाण उपसायचा. गावातल्या बियाणांच्या दुकानदाराने त्याच्या गाडीवर आपलं नाव रंगवून घेतलं, मग ट्रॅक्टरवाल्याने. दहा-बारा वर्षं अशी माती खाल्ल्यावर एका मोठ्या टीमने त्याला उचललं. टीव्हीवरच्या रेसेस! अकरा झाल्या. बाराव्या रेसला हा पोचला, तर पेंटर गाडीच्या दारावरचं त्याचं नाव खरवडत होता. त्याच्या जागी मालकाचा भाचा घेतला होता, ब्रेंट. मालकाने रॉयच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तयारीत राहा. आम्ही फोन करू." आणि हा बावळट तयारीत राहिला.

मी खूप हसायचो. मग एकदा शुभा म्हणाली, "तू ग्रीन कार्डच्या लायनीत किती वर्षं उभा आहेस रे?" तेरा. त्या दिवसापासून हसणं कॅन्सल केलं.

सध्या रॉय स्कूल बस ड्राइव्ह करतो, पण सवयी त्याच. माइक हातात आला की आधी स्पॉन्सरांचे आभार. आमच्या सईच्या सोळाव्या वाढदिवसाला "दोन शब्द बोल" म्हटलं, तर त्याने बियाणांचा दुकानदार, ट्रॅक्टरवाला आणि डुकरांचं खाद्य विकणारा, तिघांचे नावानिशी आभार मानले आणि मग सईला हॅपी बर्थडे केलं. तिघंही कधीच वारलेत.

गेल्या मे महिन्यात खरंच फोन आला. रॉय दार न वाजवताच आमच्या किचनमध्ये घुसला. "टीम माझी जुनी गाडी काढतेय! आयोवात रेसच्या आधी एक राउंड. सीट घेऊन ये म्हणाले. यार, तू माझा क्रू!" हे 'यार' त्याने आमच्याकडूनच उचललंय. एका राउंडसाठी त्याने आठवडाभर बदलीचा बस ड्रायव्हर शोधला, हेल्मेट पुसलं, केस कापून आला. मीही रजा टाकली.

चार तास ड्राइव्ह करून पोचलो. क्लिपबोर्डवाली एक मुलगी धावत आली. "सीट आणली? ग्रेट! गाडी ब्रेंट चालवणार आहेत." आणि तिने रॉयच्या हातात पास ठेवला. प्रेक्षकांतला.

माझं डोकंच फिरलं. "रॉय, उचल ती सीट. घरी चल. खड्ड्यात जाऊ दे यांना!" तोवर मेकॅनिकांनी सीट गाडीत बसवलीसुद्धा.

मग ब्रेंट आला. लंगडत. पुढे त्याच टीमच्या गाडीत त्याचा मोठा अपघात झाला होता, पाठीत सळया घातल्यात म्हणे. अंगाने सुटलेला. कसाबसा आत शिरला, पण सीटमध्ये मावेना. फोम कंबरेला टोचला आणि तो कळवळला. सगळे बघत होते, क्लिपबोर्डवाली सारखी घड्याळाकडे. खरं सांगतो, मला आनंद झाला. बरी जिरली!

रॉयने टूलबॉक्समधली सुरी घेतली. ब्रेंटला आधार देऊन बाहेर काढलं, गुडघे टेकून गाडीत वाकला आणि तो फोम कापायला लागला. एक पापुद्रा काढायचा, ब्रेंटला बसवायचा, विचारायचा, "इथे दुखतं? आणि इथे?"

"जरा खाली," ब्रेंट मान न उचलता म्हणाला. रॉयने खाली कापलं. पट्टे आवळले, त्याच्या पाठीमागे हात घालून चाचपलं. "तिसऱ्या वळणावर दणका बसतो," तो म्हणाला, "तिथे हळू घे."

गाडी सुटली. रॉयच्या मुठीत फोमचे तुकडे होते. मला इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं. "अरे, आता तुला त्यात कधीच बसता येणार नाही!"

"माहीत आहे," रॉय म्हणाला, आणि जाळीला नाक लावून तिसऱ्या वळणाकडे बघत राहिला. तिथे गाडी हळू झाली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.