कर्णिककाकांची हिवाळी तयारी

सप्टेंबरचा पहिला रविवार आला की कर्णिककाका गाडीला व्हॅसलीन लावायला बसत. पत्र्याला नाही, दारांच्या रबराला. एकेक दार उघडून, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं इतक्या हलक्या बोटाने. तेव्हा ब्रिस्टलमधले लोक अजून अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून बागेत बसलेले असत. मी म्हणायचो, "काका, अहो, अजून ऊन आहे."

"थंडी सांगून येत नाही, सुधीर. रबर गोठलं की दार उघडत नाही. आणि दारच उघडलं नाही तर माणूस बसणार कुठे? टपावर?"

काकांची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी तपासायला घेतली. रेडिएटरमधलं पाणी ड्रॉपरने काढून ते काचेच्या नळीत घेत, नळी उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत आणि निकाल देत. त्यांच्या लांब डिकीच्या तपकिरी इस्टेट गाडीचा रिपोर्ट कायम नॉर्मल. माझ्या गाडीचा कधीच नाही. "पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ नावालाच. नुसतं पाणी. अ‍ॅनिमिया झालाय हिला," असं ते माझ्या बायकोला, नीलाला, इतक्या गंभीरपणे सांगत की जणू गाडीला पालक खाऊ घालायचं तीच विसरली होती.

नोव्हेंबर लागला की रोज संध्याकाळी गाडीची बॅटरी काढून घरात आणायची आणि हीटरशेजारी शालीवर ठेवायची. डिकीत फावडं, वाळूच्या दोन गोण्या, पुठ्ठे, घोंगडी आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिवडा. समोरच्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून सुमनकाकूंची जुनी जांभळी साडी पांघरायची आणि तिची टोकं दोन्ही दारांत अडकवायची. काकू स्वतः सहा वर्षांपूर्वी ठाण्याला मुलीकडे गेल्या होत्या, त्या परत आल्याच नव्हत्या. "तिला इथली थंडी मानवत नाही," एवढंच काका सांगत.

त्या रस्त्यावर मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी काय काय करत होतो! दारात गुलाब लावले होते. हवामानावर दहा मिनिटं बोलायला शिकलो होतो. नीला फोडणी टाकायची तेव्हा मी आधी खिडक्या बंद करायचो. आणि दोन घरं सोडून ती जांभळी साडी वाऱ्यावर फडफडत असायची.

तेही एक वेळ चाललं असतं. पण त्या वर्षी काकांनी अख्ख्या रस्त्याची तपासणी सुरू केली. टोपी, मफलर, हातात टॉर्च. प्रत्येक गाडीच्या टायरशी उकिडवे बसत आणि वायपरखाली टाइप केलेला रिपोर्ट खोचून ठेवत. 'पेशंट: निळी गाडी. टायर: वाईट. अँटीफ्रीझ: बॉनेट बंद असल्याने तपासता आलं नाही. सल्ला: तातडीने उपचार.' खाली सही, एम. कर्णिक.

निळ्या गाडीचा मालक ब्रायन तो कागद घेऊन माझ्या दारात आला. "हे तुझे वडील का? की अंकल वगैरे?"

काका त्यांच्या घरापुढच्या ड्राइव्हवर बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. मी हसून म्हणालो, "नाही, नाही. मी त्यांना फारसा ओळखतसुद्धा नाही. जरा विचित्रच दिसतात, नाही?"

ब्रायनही हसला. त्या वेळी मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही.

मी या देशात आलो तेव्हा पहिले दोन महिने कर्णिकांच्या घरी राहिलो होतो. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला काकांचाच कोट घालून गेलो होतो. बाह्या लांब होत्या म्हणून काकूंनी त्या आतून दुमडून टाके घातले होते. दर रविवारी काका आमच्याकडे जेवत. त्या रविवारीही जेवले. आमटी दोनदा मागून घेतली. मला वाटलं, ऐकलं नसावं.

जानेवारीत बर्फ पडला. दोन दिवसांत आमचा चढाचा रस्ता पांढरा आणि गुळगुळीत झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रायन धापा टाकत आला. त्याची म्हातारी आई त्याच्याकडे राहायची, आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. बर्फामुळे तिची आधीची खेप चुकली होती. अ‍ॅम्ब्युलन्सला चढ चढता येत नव्हता, टॅक्सीवाले नाही म्हणत होते. ब्रायनची गाडी नुसती खोकत होती. माझी तर खोकतही नव्हती.

"त्या गृहस्थांना विचारशील?" ब्रायन म्हणाला. "तू त्यांची भाषा बोलतोस ना."

आम्ही काकांच्या दाराशी गेलो. काकांनी दार उघडलं. ब्रायन माझ्या मागेच उभा होता आणि माझ्या तोंडून मराठी निघेना. मी इंग्रजीत सुरुवात केली, "एक्स्क्यूज मी, मिस्टर कर्णिक..."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रायनकडे. मग हात पुढे करून अस्सल इंग्रजीत म्हणाले, "आपली नीट ओळख झालेली नाही, वाटतं. मिस्टर देशपांडे ना?"

मी तो हात हातात घेतला. पायाखालचा बर्फ फुटून आत जावं असं वाटलं.

काकांची गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. चाकांखाली पुठ्ठे घातले, ब्रायनने आणि मी ढकललं, आणि निघालो. म्हातारी पुढे, घोंगडीत. काकांनी चिवड्याचा डबा मागे दिला आणि तिला सांगितलं, "तुम्हाला नाही, मॅडम. शेंगदाण्यात पोटॅशियम. डायलिसिसवाल्यांना वर्ज्य." ब्रायन मुठी भरभरून खात होता. काका आरशातून मला विचारत होते, "आणि आपण काय काम करता, मिस्टर देशपांडे?" मी सांगितलं. विमानांच्या कारखान्यात ड्रॉइंग्ज करतो. "व्हेरी इंटरेस्टिंग," काका म्हणाले. ती नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते.

मायलेकांना हॉस्पिटलात सोडून आम्ही दोघंच परत निघालो. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी ब्रायनला..."

"उतारावर दुसरा गिअर. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही."

"काका, मला लाज वाटते हो."

त्यांनी गिअर खाली घेतला आणि म्हणाले, "मलाही वाटायची. सुमनची."

गाडी चालवता चालवता त्यांनी सांगितलं. लॅबची पार्टी होती, असाच जानेवारी. काकू साडीवर काकांचं स्वेटर घालत, पायात मोजे, वर चपला, मोठ्यांदा मराठीत बोलत, लोक बघत. "ती नटून दारात उभी होती. मी बाहेर जाऊन आलो आणि म्हटलं, थंडीने गाडी बंद पडलीय, तू राहा, मी चालत जातो. रात्रभर गाडी दारातच होती. सकाळी तिने स्वतः किल्ली फिरवली. लगेच सुरू झाली. किल्ली माझ्या हातात ठेवली. मार्चमध्ये ठाण्याला गेली."

घरी पोचल्यावर मी खाली उतरलो आणि रस्त्यावर पडलेले पुठ्ठे गोळा करून डिकीत ठेवले.

दुपारी ब्रायन परतल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि काका माझे कोण ते सगळं सांगितलं. तो "ओह" म्हणाला, मग, "मग तू तसं का म्हणालास?"

तिथून तसाच काकांकडे गेलो. ते टेबलाशी बसले होते. पुढे निळं एअर लेटर, हातात पेन. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. वर 'चि. सौ. सुमन' आणि खाली एकच ओळ होती: 'आज फार बर्फ आहे, पण गाडी सुरू झाली.'

"दर हिवाळ्यात इथपर्यंत येतो," काका म्हणाले. "पुढे काय लिहू रे, सुधीर?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसलो.