पुंडलीकबाबांचा पाट

गोव्यातल्या धारगळ गावी आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सकाळी पहिला फिरतो तो पोदेर, सायकलवर पाव घेऊन. पण मे महिन्यापासून त्याच्याही आधी शेजारचे पुंडलीकबाब फिरू लागले. डोक्यावर लाकडी पाट, पाटावर लाल फडक्याने झाकलेलं काहीतरी, आणि तोंडाने पुटपुट. आमच्या फाटकापर्यंत यायचे, वळायचे आणि परत जायचे.

माणसावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पोदेराने एक पाव जास्त दिला तर तो कालचा असणार, असंच मला वाटतं. त्यात पुंडलीकबाब आधीच विचित्र. चहातली साखर सोडायला त्यांनी आठ महिने घेतले, रोज चार-पाच दाणे कमी करत. कोणी हसलं तर म्हणायचे, “एका दिवसात केलेलो नियम एका दिवसात मोडता. थोडां थोडां, पण रोज.” गेल्या वर्षी झटका येऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हा डाव्या हाताने लिहायलाही ते असेच शिकले. रोज एक अक्षर. ‘ज्ञ’ आला त्या दिवशी वाड्यावर पेढे वाटले.

फडक्याखाली काय आहे ते मात्र सांगेनात. विचारलं की “नियम आसा,” एवढंच.

ते फिरू लागले त्याच आठवड्यात आमचा विहिरीवरचा पंप जळला. मी दुवा जोडला. करणी, दुसरं काय. “पंप वीस वर्षांचो होतो,” बायको म्हणाली. ती फार सरळ आहे.

मग मी कुंपणाआड उभा राहून पाळत ठेवली. बाब अंगणातल्या ढिगातली एक मूठ रेती घेत, फडक्याखाली टाकत आणि पाट उचलत. रोज एक मूठ. रेतीची करणी मी कधी ऐकली नव्हती, पण म्हणून ती नसतेच असं थोडंच आहे?

चतुर्थीला तीन आठवडे उरले असताना मी त्यांच्यासमोर आडवा उभा राहिलो. “बाब, आज दाखवा.”

ते दचकले, पाटाला कसाबसा लावलेला उजवा हात सुटला आणि पत्र्याचा डबा माझ्या पायावर आला. डब्यात नुसती रेती. मी पाय धरून बसलो, तेही शेजारी बसले.

“गणपतीच्या वजनाची सवय करतंय,” ते हळूच म्हणाले. “चित्रशाळेतसून मूर्ती थोरल्यानंच डोक्यार घेवन येवची, अशी आमच्या घरची रीत. हात हो असो लुळो. म्हापशाक रवता तो धाकटो भाव म्हणता, यंदा लहान आण.”

“मगे लहान आणूक काय झाला?”

“यंदा लहान. पुढच्या वर्षी म्हणतलो, दीड दिवसाचो करूया. मगे म्हणतलो, म्हापशाकच बसवूया. घर पण तसांच बंद पडता रे, थोडां थोडां. चवथीक सगळी येतत म्हणान घरात पाच दिवस माणसांचो आवाज आसता. बाकीचां वर्ष मी आणि भिंती.”

मला माझीच लाज वाटली. मी डबा भरला, पाटावर ठेवला आणि पाट त्यांच्या डोक्यावर चढवला. म्हटलं, “त्या दिवशी मी येतंय हात लावूक.”

“तू कसो येतलंस?” पाट सावरत ते म्हणाले. “त्या दिवशी तुझ्या डोक्यार तुझो गणपती आसतलो.”