चष्मेवाल्या ताईसाहेबांनी भोवळीवर केलेल्या स्वारीची हकीकत

हुजुरांची आज्ञा जाहली की, चष्मेवाल्या ताईसाहेबांनी डोळ्यांवर पेटी बांधून जो मुलूख सर केला, त्यात माघार किती वेळा घेतली, जखमी कोण जाहले आणि अखेरीस यश कैसे आले, हे काही न लपविता आणि काही न फुगविता लिहावे. सेवकाने आज्ञा शिरी धरून ताईसाहेबांस एकवार पुसिले आणि त्यांच्या यजमानांस दोनवार पुसिले, कारण पहिल्या वेळी यजमान अर्धवट झोपेत होते. मग जे कळले ते येथे लिहिले. ऐकणाराने चित्त ठिकाणी ठेवावे.

ताईसाहेबांची चाकरी चष्म्याच्या दुकानी, मागील खोलीत. वय एकेचाळीस. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतील दोन बाहुल्यांमधील अंतर लहान पट्टीने मापावे, मिलिमीटर चिठ्ठीवर लिहावे आणि मग काच यंत्रावर घासून फ्रेमीत बसवावी, ऐसा हुद्दा. बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी सदैव बसलेली. स्वतःची नजर मात्र ऐसी तेज की आजवर चष्म्याची गरज पडली नाही, आणि याची त्यांस अंमळ घमेंडही होती.

दुकान बंद जाहले म्हणजे त्यांचे राज्य निराळे. त्या राज्याचे सुभे तीन. पहिला सुभा पीसीचा: टेबलाखाली काळी पेटी, तीत पंखे सहा, आणि ते एकदम फिरू लागले म्हणजे यजमान म्हणत, विमान सुटले. दुसरा सुभा हातातल्या यंत्राचा: ते पर्समध्ये मावे, आणि बसथांब्यावर अथवा दाताच्या डॉक्टरांच्या बाकावर त्याची मोहीम चाले. त्याची डावी कळ झिजून आतील शिपाई आपोआप भिंतीकडे चालत जाई. ताईसाहेबांनी चष्म्याच्याच पेचकसाने कळ बदलून त्यास ताळ्यावर आणिले. तिसरा सुभा व्हीआरचा: डोळ्यांस पेटी बांधावी, दोन हाती दोन मुठी धराव्या, आणि दिवाणखान्यात उभे राहून दुसऱ्याच दुनियेत वावरावे. हा सुभा नवा होता आणि ताब्यात आला नव्हता. त्याचे कारण पुढे येते.

ताईसाहेबांस धाकटे बंधू एक. नाव काही का असेना, सारे त्यांस टिल्लूराव म्हणत, आणि उंची सहा फूट एक इंच. पेशा लिफ्टदुरुस्तीचा. बहीणभावांत खेळाचे वेड एकाच वेळी शिरले आणि दोघांची मैत्री ऐसी की एक हरला तर दुसरा जेवेना.

त्या मैत्रीत दीड वर्षामागे बिघाड जाहला तो ऐसा. ताईसाहेबांनी पीसीवर एक गाव वसविले होते. दोनशे बारा तास खपून नदी वळविली, पूल बांधिले, गिरणी उभारिली. एके दिवशी ताईसाहेबांचे घरी जेवणास टिल्लूराव, त्यांची नवी बायको आणि बायकोचे आईवडील ऐसे आले. टिल्लूराव सर्वांआधी तासभर येऊन पोहोचले, पीसीपुढे बसले, नवा खेळ मांडिला आणि तो साठविताना ताईसाहेबांच्या गावावरच साठविला. गाव एका क्षणात नाहीसे जाहले. ही खबर ताईसाहेबांस पाने वाढतेवेळी लागली. त्या तोंडाच्या फटकळ. भर पंगतीत बोलिल्या:

"याच्या हातात काही टिकलंय का कधी? वस्तू टिकत नाही, नोकरी टिकत नाही."

पंगत हसली. टिल्लूराव हसले नाहीत. चमचा ताटाच्या कडेस ठेविला, सासऱ्यांस पाणी वाढिले, आणि काम निघाले ऐसे सांगून बायकोसह निघून गेले. त्यांची नोकरी आठच दिवसांमागे सुटली होती आणि सासरी त्याची वार्ता नव्हती, हे ताईसाहेबांस महिन्याने तिसऱ्याच माणसाकडून कळले. मग लाज वाटली, आणि लाजेपोटी बोलणे अधिकच राहिले. वाढदिवसास शुभेच्छा पाठवाव्या, तिकडून 'थँक्स' यावे, एवढाच पत्रव्यवहार उरला.

ऐसे असता एके सायंकाळी ताईसाहेब बसथांब्यावर हातातले यंत्र खेळत उभ्या होत्या, तो पडद्यावर खलिता आला: टिल्लूराव 'काळी गुहा' या खेळात जोडीदार शोधीत आहेत. हा खेळ व्हीआरचा. होडी एक, माणसे दोन, वल्ही दोन. गुहेतून वल्हवीत समुद्रास पोहोचावे, वाट साधारण वीस मिनिटांची. खलिता टिल्लूरावांनी मुद्दाम धाडिला की यंत्राने आपल्या मनाने ओळखीच्या सर्वांस वाटिला, हे कळावयास मार्ग नाही. ताईसाहेबांची बस आली आणि गेली.

घरी येऊन यजमानांशी मसलत केली. यजमान बेकरीत भट्टीवर कामास, पहाटे जाऊन दुपारी परत येणारे, मितभाषी. त्यांनी सल्ला दिला की फोन करावा.

"फोन केला आणि त्यानं 'बोल' म्हटलं, तर काय बोलू?"

सबब गुहेतूनच जावे ऐसे ठरले, कारण तेथे हात गुंतलेले राहतील आणि तोंडावर भार कमी पडेल.

मग व्हीआरची पेटी खरीदून आणिली, तारेने पीसीस जोडिली आणि तयारीस आरंभ जाहला. काळ्या पेटीचा मागील बाजूचा पत्रा काढून धूळ झाडिली, सोफा भिंतीस लाविला, टीपॉयास बाल्कनीत हद्दपार केले. हुकूम सुटला की मोहीम चालू असता कोणीही मैदानात येऊ नये, आणि आलाच तर नाकाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. यजमानांस पेटीची तार मागे उचलून धरण्याचे काम नेमून दिले.

पहिली स्वारी रविवारी दुपारी जाहली. ताईसाहेब सरावासाठी एकट्याच होडीत चढल्या, वल्हे हाणिले, होडी हलली, आणि त्याच क्षणी भोवळ नामे गनीम चालून आला. कपाळी घाम फुटला, जमीन तिरकी जाहली, आणि चौथ्या मिनिटास ताईसाहेब पेटी फेकून न्हाणीघराकडे धावल्या. दुसऱ्या स्वारीस आल्याचा तुकडा दाढेखाली धरिला. सहा मिनिटे तग धरिला आणि आल्यासकट सर्व बाहेर आले. तिसऱ्या स्वारीस समोर टेबलपंखा लाविला, पायांखाली चटई घातली की मध्य कोठे ते पावलांस कळावे. तेव्हा वल्हे मारणाऱ्या मुठीचा फटका मागे उभ्या यजमानांच्या नाकावर बसला आणि नाक वांग्यासारखे सुजले. चौथ्या स्वारीस तीन मिनिटेही जाहली नाहीत. गनीम दिवसेंदिवस बळावत चालला. पुढेपुढे तर पेटी नुसती नजरेस पडली तरी ताईसाहेबांस मळमळे, आणि यजमानांनी तीवर टॉवेल झाकून ठेविला.

मग ताईसाहेब खचल्या. पेटी विकून टाकावी ऐसे ठरवून तिचा खोकाही माळ्यावरून काढिला. यजमान भट्टीवरून आले, नाकावर बर्फ धरून खोक्याकडे पाहिले आणि एवढेच बोलिले, "तो अजून रोज तिथंच असतो. मी तुझ्या यंत्रावर बघतो ना, नावापुढे हिरवा ठिपका."

ताईसाहेबांनी खोका पलंगाखाली सारिला.

दुसरे दिवशी दुकानी एक निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. आठ दिवसांमागे नेलेला चष्मा हाती धरून, आणि डोळ्यांस जुनाच लावून. दुकानात शिरताच फर्मान काढिले की ज्याने हा चष्मा केला त्यास पुढे उभे करावे.

"घातला की गरगरतं. काल पायरी समजून मी सपाट जमिनीवर पाय आपटला. पोरं हसली."

ताईसाहेबांनी चिठ्ठी काढिली. बाहुल्यांमधील अंतर अठ्ठावन्न लिहिले होते, अक्षर त्यांचेच. काच मात्र अडुसष्टाच्या मापाने बसविली होती. पाचाचा सहा वाचिला. ज्या दिवशी ही चूक जाहली, त्याच्या आदल्या दिवशी तिसरी स्वारी पडली होती, हे ताईसाहेबांस आठवले. कान लाल जाहले.

"चूक माझी आहे, बाई. पाचाचा सहा वाचला. आज संध्याकाळपर्यंत नव्या काचा घालून देते. काय होतं, काचेचं मधलं आणि डोळ्याचं मधलं जुळलं नाही की डोळे ओढले जातात, आणि मग डोकं गरगरतं, मळमळतं, माणूस कितीही…"

येथे ताईसाहेब थांबल्या.

व्हीआरच्या पेटीस खालील अंगास एक लहान चाक होते. ते फिरविले म्हणजे आतील दोन काचा जवळ येत वा दूर जात. ताईसाहेबांनी ते पहिल्या दिवशी पाहिले होते आणि हात लाविला नव्हता. अकरा वर्षे दुनियेचे डोळे मापिले. चष्मा नसल्याकारणे आपले कधी मापिले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो ऐसा.

तेव्हाच आरशात पाहून माप घेऊ लागल्या, परंतु आपले माप आपणांस नीट घेता येत नाही. पट्टी एकीकडे, नजर दुसरीकडे. दुकानाचे मालक बँकेत गेलेले. मग पट्टी शिक्षिकाबाईंपुढे धरिली आणि विनंती केली.

शिक्षिकाबाईंनी जुना चष्मा नाकावर सारिला, पट्टी घेतली आणि ताईसाहेबांची हनुवटी दोन बोटांनी वर केली. "समोर बघ. हलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही." दोनदा मापिले, कारण एकदा मापून विश्वास ठेवणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. "सत्तावन्न. लिहून घे, आणि पाच पाचासारखा काढ."

ताईसाहेबांनी त्यांचा चष्मा त्याच दुपारी नवा करून, स्वतः घरी नेऊन दिला. मग आपल्या घरी येऊन पेटीवरील टॉवेल काढिला. चाक चौसष्टावर होते. ते सत्तावन्नावर आणिले.

पाचवी स्वारी पुढील रविवारी, दुपारी तीन वाजता. यजमान तार धरून मागे उभे, नाकापुढे उशी. ताईसाहेबांनी पेटी बांधिली आणि दुनिया प्रथमच सरळ उभी राहिली. पाणी पाण्याजागी, खडक खडकाजागी. दोन मिनिटे, चार मिनिटे, पाच. गनीम दाराशीच अडखळला. मग ताईसाहेबांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेविले आणि जोडीदार म्हणून रुजू जाहल्या.

होडीच्या दुसऱ्या टोकास एक आकृती बसली होती. धड नाही; नुसते डोके आणि अधांतरी दोन हात. डोके डाव्या अंगास कललेले. सहा फूट उंचीच्या माणसास जन्मभर दारांतून वाकून जावे लागते, त्याची मान ऐशी होते. ताईसाहेबांनी ओळखिले.

"कोण?" आकृतीने पुसिले.

"मी."

आकृतीने वल्हे आडवे ठेविले.

"आलीस होय."

"चारदा निघाले होते. चारही वेळा ओकून परत गेले."

आकृती हसू लागली आणि डोके हसण्याने वरखाली जाहले. मग होडी सुटली. दोघेही आपापल्या मर्जीने वल्हवू लागले, म्हणोन होडी गरगर फिरून एका खडकास तीनदा धडकली. तेव्हा ताईसाहेबांनी हुकूम सोडिला की मोजून मारावे, एकास डावे, दोनास उजवे. टिल्लूरावांनी हुकूम मानिला. होडी सरळ जाहली आणि अंधारात शिरली.

"टिल्ल्या, त्या दिवशी मी पंगतीत जे बोलले…"

"वल्हं मार आधी. भिंत येतेय."

भिंत चुकली. मग आणखी एक वळण गेले. मग टिल्लूराव आपणहून बोलिले, आवाज हळू:

"नोकरी जाऊन आठ दिवस झाले होते, ताई. तुला सांगायलाच लवकर आलो होतो. तू स्वयंपाकघरात होतीस, गॅसवर दोन-दोन भांडी. म्हटलं, मोकळी होईस्तोवर खेळत बसू."

ताईसाहेबांचे वल्हे थांबले. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले होते, आत येऊ नकोस, मधे मधे लुडबुड नको. ते शब्द आता आठवले. आणि येथे भोवळीहून बिकट संकट ओढवले, ते ऐसे की डोळ्यांस पाणी आले आणि बंद पेटीत काचांवर वाफ धरिली. पुढील काहीच दिसेना.

"ताई, अगं मार ना! उजवं!"

"मला दिसत नाहीये रे. काचा धुरकटल्यात."

"रडतेस?"

"वाफ आहे."

"बरं. वाफ आहे," टिल्लूराव बोलिले. "मी सांगतो तसं मार. उजवं. उजवं. थांब. आता दोघं मिळून. अजून एकदा."

ताईसाहेबांनी उर्वरित गुहा काही न पाहता, केवळ भावाच्या आवाजावर पार केली. यजमान मागे तार धरून उभे होते. समोरचा समुद्र त्यांस दिसत नव्हता, आपली बायको रिकाम्या दिवाणखान्यात हवेत वल्हे मारते आहे आणि नाक ओढते आहे, एवढेच दिसत होते. त्यांनी उशी खाली ठेविली.

समुद्र आला तो ताईसाहेबांस पुसटच दिसला. तेथे दोघे बराच वेळ वल्ही टेकून राहिले. टिल्लूराव सहा महिन्यांपासून एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टा सांभाळतात, हे ताईसाहेबांस तेव्हा कळले. स्ट्रेचर आत असता लिफ्ट एकदाही अडली नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले. ताईसाहेबांनी दोनदा सांगावयास लाविले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गुहा सव्वीस मिनिटांत सर, वांती शून्य. जखमी: यजमानांचे नाक, आता बरे आहे. तहाचे कलम एकच ठरले की येत्या रविवारी टिल्लूरावांनी खऱ्या देहाने यावे, आणि तासभर आधीच यावे.

त्या सायंकाळी ताईसाहेब दूध आणावयास खाली उतरल्या. चेहऱ्यावर पेटीचा लाल वळ, डोळे सुजलेले. जिन्यात शेजारीणबाईंनी घाबरून पुसिले की हे काय जाहले, कोठे पडलात काय. ताईसाहेब बोलिल्या:

"छे हो. भावाकडे जाऊन आले."

हा जबाब जसा दिला तसा दफ्तरी दाखल केला असे.