डी अक्षराची तालीम

तलवार म्यानातून निघेना. भाषांतरकारांनी म्यान दोन्ही गुडघ्यांत आवळून धरले होते, सासरे मूठ धरून ओढत होते आणि तेलाची बाटली घेऊन आलेली बायको थेंब नेमका कुठे सोडावा हे शोधत होती. ग्रीक बाई यायला जेमतेम तास उरला होता.

"जावईबापू, हिचका द्या, हिचका!" सासरे म्हणाले. त्यांना हिसका म्हणायचे होते. पण त्यांच्या हलणाऱ्या दाताला बांधलेला दोरा तोंडातून निघून थेट बाहेरच्या दाराच्या कडीपर्यंत गेला होता.

"मामा, मी हिसकेच देतोय. तुमची तलवार गंजलीय."

"गंजली नाही, रुचलीय. कंपनी बंद पडल्यापाचून तिला हात कुणी लावलाय?"

एका शब्दकोशासाठी तलवार, तेल आणि तोंडात दोरा कशाला, असे कोणीही विचारील. बायको तर रोज विचारत होती.

त्याचे असे झाले. भाषांतरकारांचे उभे आयुष्य कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका ग्रीकमध्ये करण्यात चालले होते. 'झाकण लावा, बटण दाबा' यापलीकडे त्यांच्या ग्रीकला कोणी हिंग लावून विचारले नव्हते. अशात एका प्रकाशनाने इंग्रजी-ग्रीक कोशासाठी त्यांना बोलावले. नमुन्यादाखल डी हे अक्षर करून द्यायचे. पसंत पडले तर अख्खा कोश त्यांचा आणि यंत्रांना कायमचा रामराम. पसंत करणार होत्या कोशाच्या मुख्य संपादक, म्हणजे ग्रीक बाई. त्या इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या, त्यामुळे बोलण्यात अडचण नव्हती. अडचण अशी होती की त्यांनी आधीच्या दोघा भाषांतरकारांना घरी बसवले होते.

पहिल्या खेपेला आपल्या भाषांतरकारांनी टेबलाशी बसून झरझर पाने लिहिली. बाईंनी ती तशीच परत पाठवली, वर निरोप: "तुम्ही जन्मात एकदा तरी पडदा ओढलाय का? लिहिण्यावरून वाटत नाही." साधे इंग्रजी शब्दच असे दगाबाज असतात. ड्रॉ म्हटले की चित्र आले, पडदा आला, विहिरीतले पाणी आले, तलवार आली, दात आला, वर गर्दी खेचणेही आले. मराठीत आपले बरे असते. चित्र काढतो, पाणी काढतो, दात काढतो आणि मोकळे होतो. ग्रीक भाषा इतकी मनमिळाऊ नाही, तिथे प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो.

तेव्हापासून भाषांतरकारांनी कानाला खडा लावला. डोळ्यांसमोर घडल्याशिवाय एकही अर्थ कागदावर उतरवायचा नाही. पण घडवून दाखवणार कोण? इथे सासऱ्यांचा प्रवेश झाला.

सासरे नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. जन्मभर विंगेत उभे राहून त्यांनी दुसऱ्यांची वाक्ये कुजबुजली. रंगमंचावर पाऊल टाकले ते एकदाच, तेही अडकलेला पडदा सोडवायला. त्यामुळे जावयाने "मामा, जरा हे करून दाखवता का?" असे विचारले मात्र, म्हातारा हरखून गेला. 'ड्रॉप'च्या दिवशी घरातल्या चांगल्या कपबश्या गेल्या. 'डाइव्ह'च्या दिवशी पलंगाचा पाय गेला. 'डान्स'ला तर काही करायची गरज नव्हती, तरी तो झाला.

आता एक गोष्ट सासऱ्यांपासून लपवून ठेवलेली होती. कोश मिळाला तर भाषांतरकारांना बसायला स्वतंत्र खोली हवी होती, आणि घरातली एकमेव जादा खोली सासऱ्यांकडे होती. आठ दिवसांसाठी आलेले सासरे तिथे चांगले रुळले होते. कोश मिळाला की त्यांना थोरल्या मेव्हण्याकडे पोचवायचे, असे नवराबायकोचे स्वयंपाकघरात कुजबुजत ठरले होते. सांगायचे कोणी, एवढेच ठरत नव्हते.

"तुझे वडील आहेत, तू सांग."

"आणि दिवसभर नाचवता तुम्ही, तेव्हा नाही आठवत माझे वडील आहेत ते?"

असो. आज ड्रॉची पाळी होती आणि तलवार निघत नव्हती.

"ती राहू द्या," भाषांतरकार घाम पुसत म्हणाले. "आधी पाणी उरकू."

"आणि दात?" बायकोने विचारले. "तो दोरा बघून मलाच कसंतरी होतंय. दार ओढून मोकळी होऊ का?"

"खबरदार!" सासरे कडाडले. "दात चेवटच्या प्रवेचात. आधीच दात पडला तर पुढचं नाटक कोण बघेल?"

पाण्यासाठी विहीर नव्हती, पण खिडकीखाली अंगणात हौद होता. सासऱ्यांनी बादलीला दोर बांधला आणि दुसऱ्या मजल्यावरून ती खाली सोडली. भाषांतरकार वही घेऊन शेजारी उभे राहिले. बादली भरली, वर येऊ लागली, आणि सासऱ्यांना अभिनयाची लहर आली. त्यांनी दम लागल्याचे दाखवायला दोर खांद्यावरून मागे टाकला. दोर पडद्यात अडकला. सासऱ्यांनी ओढले तसा पडदा कांबीसकट सुटून खिडकीबाहेर गेला, बादली आत आली आणि निम्मे पाणी बायकोच्या अंगावर रिते झाले.

"आन्त्लो!" पाणी काढण्याचा नेमका ग्रीक शब्द सापडल्याच्या आनंदात भाषांतरकार ओरडले आणि लिहायला बसले.

"अहो, तुमचा आन्त्लो गेला खड्ड्यात! मी नखशिखांत भिजलेय!"

पडदा खाली गेला तो अंगणाच्या कडेला, रस्त्यालगत बसणाऱ्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर. त्या बिचाऱ्याने चाचपडत तो बाजूला केला, चार शब्द सुनवायला वर पाहिले, आणि हातातला पान्हा टाकून तो दोन पावले मागे सरला. कारण वर, उघड्या खिडकीत, तलवारीचा दुसरा अंक सुरू झाला होता.

या वेळी बायकोने म्यान धरले, सासऱ्यांनी मूठ धरली आणि भाषांतरकारांनी सासऱ्यांची कंबर धरली. ओल्या फरशीवर एकाचाही पाय टिकत नव्हता. "हां, एक, दोन..." म्हणेपर्यंत तेल आपले काम करून गेले. तलवार सुळकन निघाली, बायको म्यानासकट मागे कोसळली, भाषांतरकार बादलीत बसले आणि सासरे तलवार उंच धरून खिडकीशी गेले. अनेक वर्षे विंगेत दाबून ठेवलेले वीररसाचे भाषण त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागले. दोऱ्यामुळे त्यातला एक शब्दही कोणाला कळत नव्हता.

"धावा हो धावा!" खाली सायकलवाला बोंबलला. "म्हातारा पिसाळलाय! बाईला खाली पाडलीय! तलवार आहे हातात!"

बघता बघता रस्ता भरला. न्हावी गिऱ्हाइकासकट आला. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"आजोबा, शांत व्हा!" कोणीतरी ओरडले. "तलवार खाली ठेवा, आपण बसून बोलू!"

"अरे, त्यांच्या तोंडात दोरी कोंबलीय! त्यांनाच बांधून घातलंय!"

"मग तलवार कशी हातात?"

"तेच तर!"

भाषांतरकार बादलीतून कसेबसे निघून खिडकीशी आले. "मामा, आत या! लोक जमलेत!"

"किती?" सासऱ्यांनी मागे न बघता विचारले. त्यांचे डोळे चकाकत होते.

"मामा, पाया पडतो तुमच्या! बाई येतील कुठल्याही क्षणी. हे पाहिलं तर कोश गेलाच, उद्यापासून पुन्हा झाकण लावा नि बटण दाबा!"

ते ऐकून सासरे वरमले. तलवार खाली करून ते खोलीच्या मध्यभागी आले, आणि त्याच वेळी जिन्यावर धाडधाड पावले वाजली. ग्रीक बाई ठरल्या वेळेच्या आधी आल्या होत्या. खालच्या गर्दीने त्यांना सांगितले होते की वर खून पडतो आहे, तेव्हा बेल वाजवण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे होते. त्यांनी कडीला हात घातला आणि सर्व बळ एकवटून ते ओढले.

दोरा ताणला गेला, टण्ण झाला, आणि सासऱ्यांचा दात हवेतून जाऊन बाईंच्या उघड्या पर्समध्ये पडला.

बाई ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटल्या. ते भाषांतरकारांना कळले, पण कोशात घालण्यासारखे नव्हते.

सासऱ्यांनी तलवार छातीशी धरून लवून मुजरा केला. "घाबरू नका बाई," ते म्हणाले. आता त्यांचा स अगदी स्वच्छ येत होता. "दातच आहे. नाही तरी पडायचाच होता."

भाषांतरकारांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण पळून जायला वाट नव्हती, दारात बाई होत्या. त्यांनी सगळे खरे सांगून टाकले. बाई एका ओल्या खुर्चीवर बसल्या, कागद मागितले आणि वाचू लागल्या. मधेच मान वर करून त्या बादलीकडे बघत, मग कागदाकडे. तलवारीकडे बघत, मग कागदाकडे. भिंतीवर सासऱ्यांनी पेन्सिलीने काढलेले एक चित्र लावले होते: भले मोठे नाक, कमरेवर हात, कपाळाला आठ्या.

"हे कोण?"

भाषांतरकारांनी बायकोकडे पाहिले. "तुम्हीच," शेवटी बायको म्हणाली. "बाबांनी तुम्हाला पाहिलं नव्हतं ना, अंदाजाने काढलंय."

बाईंनी चित्र निरखले. "नाक बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पान उलटले. "इथे जागा रिकामी का? गर्दी खेचण्याचा अर्थ कुठाय?"

"तो घरात करून बघता येईना," भाषांतरकार खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी नुसते खिडकीकडे बोट केले. खाली लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून आत डोकावायचा प्रयत्न करत होते. भाषांतरकारांनी पेन घेतले आणि लिहिले: प्रोसेल्किओ.

"आधीचे दोघे खुर्चीवरून उठले नव्हते," बाई कागद पर्समध्ये घालत म्हणाल्या. दात बाहेर काढून त्यांनी तो अदबीने सासऱ्यांच्या हातावर ठेवला. "कोश तुमचा. अख्खा. पण माझी एक अट आहे. हे गृहस्थ इथून हलता कामा नयेत. झेड होईपर्यंत."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. मग दोघांनी एकदमच जमिनीकडे पाहिले.

"म्हणजे," सासऱ्यांनी दात मुठीत घट्ट धरला, "म्हणजे मुख्य भूमिका माझी?"

"तुमचीच."

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि ते मुलीकडे वळले. "मग पलंगाखाली माझी ट्रंक भरून ठेवलीय, ती रिकामी कर हो बाळ. जन्म विंगेत गेला माझा. स्वयंपाकघरातली कुजबुज मला ऐकू येत नसेल, असं कसं वाटलं तुम्हाला?"

बायकोला रडू फुटले. "बाबा, सगळं माहीत असून तुम्ही दात काढून घेतलात?"

"अगं, निरोपाचा प्रयोग होता. हात आखडता कसा घेणार?"

मग ते खिडकीत गेले आणि खालच्या गर्दीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोणालाच काही कळले नव्हते, पण न्हाव्याने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. सासरे तीन वेळा आत आले आणि तीन वेळा परत गेले.

यंत्रांची नोकरी सुटली. भाषांतरकार आता घरीच कोश लिहितात. दाराजवळ, चपलांच्या कपाटाला पाठ टेकून, मांडीवर पाट घेऊन. खोली त्यांना मिळाली नाही. तिथे तालीम चालते, आणि तालमीच्या वेळी दार आतून बंद असते.

परवा 'फॉल' हा शब्द निघाला. सकाळची दुपार झाली तरी खोलीतून हाक येईना. शेवटी भाषांतरकारांनी हळूच टकटक केले.

"मामा, येऊ का आत?"

"थांबा हो जावईबापू," आतून, जरा उंचावरून, आवाज आला. "मी अजून पडलो कुठे?"